धुक्यातली द्राक्षं

डोळे मिटायला लावणारा आंबटपणा, आणि त्यामागून सावकाश, लाजत आलेली गोडी! सुनंदाकाकूंच्या मळ्यातला पिनो न्वार या वाइनच्या द्राक्षाचा मणी मी पहिल्यांदा चाखला तो सप्टेंबरच्या अखेरीस. फ्रीमाँटच्या माझ्या घरी एसीशिवाय बसवत नव्हतं; तिथून तीन तासांवर, समुद्रालगतच्या या टेकडीवर, सकाळचे दहा वाजले तरी धुकं वेलींवरून उठायला तयार नव्हतं.

काकू माझ्या आईची मैत्रीण, मूळच्या नागपूरच्या. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि काकांनी हा उतार घेतला. पुढे काका गेले, वेली राहिल्या. आतल्या उष्ण खोऱ्यात जमीन घ्या, असं सर्वांनी सुचवलं होतं. तिथे द्राक्षं भराभर पिकतात, वाइन गडद आणि बलदंड होते. काकूंना मात्र हवी होती थंड हवेतली तांबडी वाइन: फिकट, नितळ, जिच्यातला सुगंध दीर्घ प्रतीक्षेतूनच साकळतो. पण सावकाश पिकणाऱ्याला संकटं तरी किती गाठतात! एका वर्षी वसंतातल्या गोठवणाऱ्या थंडीने कोंब जळाले, पुढच्या वर्षी वणव्याच्या धुराने अख्खं पीक नासलं. मुलगा निखिल फोनवर सारखा म्हणे, "आई, सेल करून टाक ना, प्लीज."

त्या वर्षी ऑक्टोबर लागताच पावसाचा अंदाज आला. शेजाऱ्यांनी तोडणी उरकली.

"काकू, आपणही उद्या काढून टाकू या ना," मी म्हटलं. "रिस्क कशाला?"

काकूंनी एक मणी चावला आणि बी तळहातावर घेऊन पाहिली. "हिरवी आहे गं अजून, म्हणजे मणी पुरता पिकला नाही. पेशंट पुरता झोपल्याशिवाय मी सर्जनला कधी सुरी लावू दिली नाही. थांबायचं."

दोन दिवस पाऊस कोसळला. पातळ सालीचे मणी तडकले, घडांच्या पोटात करडी बुरशी धरली. मी मीटिंगा कॅन्सल करून पोचले, तेव्हा काकू रेनकोट घालून कात्री चालवत होत्या. वाऱ्याला वाट मिळावी म्हणून घडांभोवतीची पानं काढायची, कुजलेला मणी दिसला की छाटायचा. माझा अंगठा सोलला. त्यांच्या चेहऱ्यावर ना त्रागा, ना विलाप. शनिवारी निखिल आला. जमिनीवर पडलेले घड त्याने पाहिले. मग त्याने कात्री उचलली.

पाचव्या दिवशी काकूंनी पुन्हा मणी चावला. बी तपकिरी झाली होती. तिसरा हिस्सा पीक मातीत गेलं होतं. उरलेलं आम्ही तिघांनी उजाडताच तोडायला घेतलं. जिद्द म्हणजे गर्जना, असं मला आजवर वाटत आलं होतं. ती इतकी निमूट, इतकी कष्टाळू असते हे मला कुठे ठाऊक होतं?

दीड वर्षाने ओट्यापाशी उभं राहून आम्ही पहिली बाटली उघडली. वाइन इतकी पारदर्शक, की ग्लासापलीकडची बोटं दिसत होती. निखिलने घोट घेतला, मग आणखी एक.

"आई," त्याने विचारलं, "खालचा पट्टा रिकामाच आहे ना? तिथे किती वेली बसतील?"

काकूंनी ग्लास खाली ठेवला. त्या दाराशी गेल्या आणि गमबूट चढवू लागल्या.