गाण्यातली सरकी

आमच्या राजापेठच्या मावसाजींना अर्थ लागला नाही असं गाणं या देशात फक्त एकच झालं. बाकी जेवढी म्हणून गाणी रेडिओवर लागली, तबकड्यांवर निघाली, लग्नाच्या बँडवाल्यांनी वाजवून वाजवून ओळखू येईनाशी केली, त्या सगळ्यांचा अर्थ मावसाजींनी काढून ठेवला होता. तो अर्थ गाणं लिहिणाऱ्याला माहीत नव्हता, गाणाऱ्याला नव्हता, आणि ऐकल्यावर आम्हालाही कळत नसे, ही गोष्ट वेगळी. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे मी कचेरीत कारकून म्हणून अमरावतीला लागलो आणि तिथंच राजापेठेत मावशीकडे राहायला गेलो. गेलो तेव्हा मला गाणी समजत होती. मावसाजींनी वर्षभरात ती समज पार घालवली.

मावसाजी एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचं काम करत. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचा आणि धाग्याची लांबी नुसत्या डोळ्यांनी सांगायची. या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा माणूस नव्हता. बिघडलं ते इतकंच, की हीच रीत त्यांनी गाण्यांना लावली. "शब्द म्हंजे नुसती रुई," ते सांगत. "ते उडून जाते. आत सरकी असते, ते काढा लागते." आणि सरकी काढताना खरोखरच त्यांची बोटं चालत. कोटाच्या खिशात कापसाचा एखादा पुंजका असेच. गाणं सुरू झालं की डोळे मिटून ते तो ओढत बसत आणि गाणं संपेपर्यंत मांडीवर पांढरा कचरा पडलेला असे. त्यावरून मावशी रोज बोलायची आणि रोज झटकायची.

आता नमुनाच सांगतो. एका गाण्यात नायक चांदण्या रात्री नावेत बसून किनारा फार दूर आहे असं नायिकेला सांगतो. मी म्हटलं, विरहाचं गाणं आहे. मावसाजींनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी शाळेत कुठल्या इयत्तेपर्यंत गेलो याचीच मला शंका यावी. "अरे, हा मानूस नोकरीवरून निंगेल हाये," ते म्हणाले. "किनारा म्हंजे पेन्शन. बाईले सांगून राहिला, आता हात आखडून खर्च कर." मग मला ते गाणं तसंच ऐकू यायला लागलं. अजूनही येतं. चांदणं पाहिलं की मला पेन्शन आठवते, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही.

राजापेठेतल्या एका हॉटेलात मोठा रेडिओ होता. रविवारी दुपारी तिथं फर्माइशीची गाणी लागत आणि मावसाजी खिडकीजवळच्या बाकावर बसत. शेजारी मी, मांडीवर लांबोडी वही. तिच्यात चार रकाने आखलेले: गाणं, मागणारा, गाव, अर्थ. कारण मावसाजींचा पक्का सिद्धांत होता, की गाणं मागणारा माणूस पोस्टकार्ड उगाच खर्च करत नाही, त्याला कुणाला तरी काहीतरी सांगायचं असतं. चांदूर बाजारच्या एकानं एकदा फार रडकं गाणं मागितलं. मावसाजी म्हणाले, "याची म्हैस गेली." पुढच्या आठवड्यात चांदूर बाजारचा कुणी शेतकरी जिनात कापूस घेऊन आला, त्याला विचारलं, तर खरंच गावात कुणाची तरी म्हैस हरवली होती. कुठल्या गावात कुणाची तरी म्हैस हरवलेली नसते, हे विचारायचं मला सुचलं नाही. हॉटेलातल्या लोकांना तर मुळीच नाही. त्या दिवसापासून हॉटेलवाले शेठ मावसाजींच्या चहात मलई घालू लागले.

या विद्येनं एक मात्र मोठं नुकसान केलं होतं. मी राहायला गेलो त्याच्या तीन वर्षं आधी मावसाजींच्या एकुलत्या एका लेकीला, कुसुमताईला, पाहायला अकोल्याचा मुलगा आला होता. नाव मनोहर, शाळेत मास्तर, घरचा चांगला. पोहे झाले, पत्रिका झाली. आणि मावसाजींनी, ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला म्हणत तसं, त्याला गाणं म्हणायला सांगितलं. त्या बिचाऱ्यानं डोळे मिटून, दारात आलेला एक मुसाफिर एका रात्रीचा आसरा मागतो असं काहीतरी मन लावून म्हटलं. मावसाजींनी पुंजका ओढला आणि पाहुणे गेल्यावर निकाल दिला, "एका रातीचा मुसाफिर. हा टिकाचा नाही. नाही म्हून सांगा." कुसुमताई म्हणाली, "बाबा, गानं सिनेमातल्या मानसाचं हाये, या पाव्हन्याचं नाही." मावसाजी ऐकेनात. ती बापाचीच लेक, तीही ऐकेना. अचलपूरला मामाच्या घरी तिचं त्याच मुलाशी लग्न लागलं. मावशी लग्नाला गेली. मावसाजी त्या दिवशी जिनात बसून राहिले.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. तिची पत्रं मावशीच्या नावावर येत. मावसाजींनी ती ऐकायची नाहीत असं ठरवलं होतं, म्हणून मावशी ती स्वयंपाकघरात, जरा मोठ्यानं वाचायची, आणि मावसाजी आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवायचे. तिथं वारा बरा येतो, असं म्हणायचे. नात झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्या दाराशी ते संध्याकाळपर्यंत बसून होते. "जाऊन या ना एकडाव," मावशी म्हणाली. "बलावल्याशिवाय कसा जाऊ?" ते म्हणाले. मावशीनं बोलावणं आलेलं सातवं पत्र त्यांच्यासमोर धरलं, तर म्हणाले, "ते तुले हाये."

आणि एका रविवारी रेडिओवरची बाई म्हणाली, "अकोला से मनोहर, कुसुम और नन्ही बेबी." मावसाजींची बोटं थांबली. हॉटेलात सगळ्यांना सगळं माहीत होतं, त्यामुळे कपबशांचाही आवाज थांबला. लेकीचा निरोप येणार होता, आणि तो ऐकायला या देशातला सगळ्यात जाणता माणूस बसला होता.

गाणं लागलं. एक विनोदी नट तीन मिनिटं "टकरा टुम टुम" एवढंच म्हणत होता. मधे एक कोंबडी ओरडली. मग नट खोकला, हसला, आणि पुन्हा टुम टुम.

गाणं संपलं. शेठनी अदबीनं विचारलं, "मावसाजी, मतलब?" मावसाजी उठले. चहा तसाच टाकून घरी आले. पहिल्यांदाच त्यांच्या मांडीवर कचरा नव्हता.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांचे हाल पाहिले. "पयल्या कडव्यात टुम अकरा डाव हाये, दुसऱ्यात नऊ," ते मला पहाटे उठवून म्हणत. "दोन कमी कावून?" मी म्हणे, मला माहीत नाही. "कोंबडी कोन? म्या का?" मी म्हणे, नसाल. "खोकला कोनाले हाये? तिले बरं नसंन काय रे?" इथं मात्र त्यांचा आवाज बदले. मीही कचेरीत बसून टुम मोजू लागलो होतो. माझी फाइल एकदा साहेबांकडून परत आली, तिच्या कोपऱ्यात मी नऊ टुम लिहिले होते. अर्थाचा रकाना कोराच राहिला. शेवटी एका सकाळी मावसाजी कोट घालून उभे. "चाल अकोल्याले. पाव्हना म्हून नाही जात मी, नुसता अर्थ इचारतो अन् वापस येतो."

एसटीत ते मूर्तिजापूरपर्यंत वहीची पानं उलटत होते. तिथं चहा घेताना म्हणाले, "तिनं दार नाही उघडलं तं?" मी त्यांना आणखी एक चहा दिला.

दार कुसुमताईनंच उघडलं. कडेवर मुलगी, हाताला पीठ. मावसाजी उंबऱ्याबाहेरच थांबले आणि वही उघडून, कचेरीतल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "हे गानं तुमच्या घरून मांगलं होतं. याचा अर्थ नाही लागून राहिला."

कुसुमताईनं वहीकडे पाहिलं. मग बापाच्या कोटाच्या फाटक्या खिशाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले, पण आवाज साधाच होता. "त्याले अर्थच नाही बाबा. अर्थ लागला असता तं तुमी वहीत लिवून घरीच बसले असते. नाही लागला म्हून आले."

मावसाजींनी वही मिटली. मग म्हणाले, "हे मले कावून नाही सुचलं?" आणि आत आले. नातीनं पहिल्या पाच मिनिटांत वहीची दोन पानं फाडली. मावसाजींनी तिला तिसरं काढून दिलं.

ते चार दिवस राहिले. मी दुसऱ्याच दिवशी निघालो, मला कचेरी होती. बसस्टँडवर पोचवायला मनोहरराव आले. बस सुटायच्या बेतात असताना खिडकीशी येऊन म्हणाले, "एक सांगू? ते कार्ड म्या टाकलं होतं. कुसुमले मालूमबी नव्हतं. मले ते गानं आवडते, हासाले येते."

"मग ती दारात बोलली ते?"

"तिले जमते," मनोहरराव म्हणाले. "पोरगी कोनाची हाये."

मी हे मावसाजींना कधीच सांगितलं नाही. मुसाफिर म्हणून नाकारलेल्या जावयाकडे ते पुढं दर दिवाळीला जात, आणि आपल्या सगळ्या अभ्यासातलं हे एकच गाणं लेकीनं सोडवलं असं राजापेठभर सांगत. मावसाजी वारल्यावर मावशीनं वही मला दिली. त्या गाण्यासमोर अर्थाच्या रकान्यात त्यांच्या हातानं एकच शब्द होता: या. तो अर्थ गाणं मागणाऱ्याच्या मनात नव्हता, गाणाऱ्याच्या तर नव्हताच, आणि तरी तो चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. इथं माझा जो गोंधळ झाला तो अजून सुटलेला नाही.

परवा ते गाणं कुठल्याशा दुकानात लागलं होतं. मी फुटपाथवर उभा राहून मोजले. पहिल्या कडव्यात अकरा, दुसऱ्यात नऊ. दोन कमी का, कोण जाणे. मावसाजी असते तर त्यांना विचारलं असतं.