टोपीचं पांढरं

हिलाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेतून निघायच्या तयारीत होतो. भेस्तानच्या एका लग्नात शूटिंग करताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. "गॅस झालाय" म्हणत त्यानं सोडा घेतला आणि मुलीची विदाय पूर्ण शूट केली. गाडी हलल्यावर कॅमेरा बंद करून खुर्चीवर ठेवला, स्वतः शेजारी जमिनीवर बसला, तो उठलाच नाही. लग्नघरचा माणूस हे सांगत असताना माझ्या तोंडून आधी शिवी निघाली, रडू नंतर आलं. दुसऱ्याच्या लेकीची विदाय अर्धवट राहू नये म्हणून हा बाबा छाती दाबत उभा राहिला... आज इतके आठवडे झाले, तरी माझा राग गेलेला नाही.

आम्ही सुरतेतल्या डिंडोलीच्या मराठी शाळेतले. माझे वडील नाशिकहून केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून आलेले, त्याचे पारोळ्याकडून लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला आलेले. शाळा सुटली, मी बँकेत चिकटलो आणि हिलालनं खांद्यावर कॅमेरा घेतला. "रोज एकाला बोहल्यावर चढवतो, पण माझा नंबर काही लागत नाही," असं तो हसत सांगायचा, आणि तो खरंच कधी लागला नाही. वडील गेल्यावर घरात तो आणि माय, दोघंच. माय दारात बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. तिच्यावर अहिराणीत एक सिनेमा करायचा, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात स्वतःसाठी हवी होती. "लग्नात मी सगळ्यांना गोरं करून देतो," तो म्हणायचा. "मायला नाही करणार. ती जशी काळीसावळी आहे, तशीच्या तशी पडद्यावर दिसली पाहिजे. त्यात फसलो तर सिनेमा करून उपयोग काय?"

त्यासाठी कॅमेरा कोणता, हा प्रश्न त्याला कित्येक वर्षं पुरला. आमच्या सुरतेत कमुरतं लागलं की महिनाभर लग्नं बंद. भाड्याचे कॅमेरे दुकानात धूळ खात पडायचे. हिलाल तेव्हा एकेक घरी आणून बघायचा. जुन्या हँडीकॅममध्ये माय आणि मागची भिंत सारखीच स्पष्ट दिसायची, चेहरा वेगळा उठायचाच नाही. फोटोच्या कॅमेऱ्यात चेहरा सुरेख यायचा, पण ट्यूबलाइटखाली पट्टे सरकायचे. लहान नवा कॅमेरा अंधारात उत्तम, मात्र लूमच्या खात्यातल्या गरमीत तो तापून बंद पडायचा. मोठा सिनेमाचा कॅमेरा एका चहाच्या वेळात कार्ड भरून टाकायचा. मला तो दारात, मायच्या जागी, उभं करून फोकस लावायचा. कंटाळून मी हललो की ओरडायचा, "हालू नको ना भो!"

प्रत्येक कॅमेऱ्याची सुरुवात मात्र एकाच विधीनं व्हायची. कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. समोर पांढरी वस्तू धरून बटण दाबलं की तो तिलाच पांढरं मानतो आणि बाकीचे सगळे रंग तिच्यावरून ठरवतो. वस्तू निळसर निघाली, तर तो निळा कापायला चित्रात पिवळा वाढवतो. हे हिलालनंच मला शिकवलं. लग्नात तो ही उठाठेव कॅमेऱ्यावर सोडायचा, पण घरच्या शूटिंगला बटण स्वतः दाबायचा. लोक त्यासाठी कागद वापरतात. हिलाल वापरायचा बापाची टोपी. वडील हीच घालून खात्यात जायचे, आणि ते गेल्यावरही माय ती दर सोमवारी धुवायची. "मन्हा सिनेमाना पांढरा रंग बापनी टोपी ठरावई," तो म्हणायचा. मग मायपुढे टोपी धरायची, बटण दाबायचं, आणि टोपी खाली आली की मायनं हलायचं नाही.

आणि प्रत्येक कॅमेऱ्यात माय पिवळी दिसायची. आजारी असल्यासारखी. हिलाल क्लिप पुन्हा पुन्हा बघायचा, ट्यूब बदलायचा, भिंत रंगवायचा, शेवटी कॅमेरा परत करायचा. "गोऱ्या लोकांसाठी बनवतात रे हे, आपली कातडी यांना कळत नाही," असं म्हणून पुढच्या कमुरत्याची वाट बघत बसायचा. मी म्हणायचो, चालेल रे, माय म्हातारी होत चालली, करून टाक एकदाचा. तो मान हलवायचा. माय आधी जाईल, एवढीच भीती आम्हा दोघांना होती.

परवा सोमवारी मी डिंडोलीला गेलो. माय मोरीपाशी बसून टोपी धूत होती. बादलीतलं पाणी इतकं निळं होतं की मी बघतच राहिलो. तिनं टोपी पिळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हिलालना बाप व्हतात तवय थोडीच नीळ टाकू. मंग हिलालनी शूटिंगले लागाले लागनी... कॅमेरामा दूधसारखी दिसाले जोयजे म्हनीसन जास्त टाकाले लागनू."

एकाही कॅमेऱ्याचा दोष नव्हता. इतकी वर्षं ती पोरासाठी टोपी आणखी पांढरी करत होती, आणि त्या निळीनं कॅमेरा तिलाच पिवळी करत होता. हे मला कळलं, हिलालला कधीच कळलं नाही, आणि मायला मी ते कळू देणार नाही.

"कोनता कॅमेरा चांगला निंघना रे शेवट?" तिनं विचारलं.

"सगळे चांगले होते, माय," मी म्हणालो, आणि तिला दारात बसायला सांगून खिशातला फोन काढला. फोनमध्ये ती जशी आहे तशी दिसली, काळीसावळी, डोळ्यांखाली अजून काळी. मी सुरू करणार, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"आधी टोपी दाखाडनी पडस ना?"

तिनं ओली टोपी उचलून फोनपुढे धरली. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी बटण दाबल्यासारखं केलं. मग तिनं टोपी मांडीवर ठेवली, आणि हलायचं नाही म्हणून श्वास धरून बसली.