मोजणीतला सामना

सगळे त्याला खांब म्हणत. एक तर उंचीमुळे, आणि दुसरं म्हणजे गोलसमोर एकदा उभा राहिला की गडी हलायचा नाही. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तो ब्रेक दुरुस्त करायचा, संध्याकाळी डेपोच्याच संघातून लीगमध्ये फुटबॉल खेळायचा, आणि वर्षातून तीनचारदा देशासाठी खेळायचा. आता त्याला देशासाठी म्हणायचं की नाही, इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

त्याचं असं होतं. देशाचा खरा संघ म्हणजे बाहेरदेशी क्लबांतून खेळणाऱ्यांचा. ते विमानाने यायचे, सामना खेळायचे आणि घाम वाळायच्या आत परत जायचे. त्यांचे क्लब त्यांना सोडायला तयार नसले, की फुटबॉल महासंघाला लीगमधल्या लोकांची आठवण यायची. मग कुठे नव्या मैदानाचं उद्घाटन असो, कुठे शेजारी देशाला सराव हवा असो, धाडा यांना. याला म्हणायचे घरचा संघ. जर्सीचा रंग तोच, राष्ट्रगीत तेच, लाथा खायच्या त्याही तशाच. फक्त सामना मोजणीत नाही, म्हणजे देशाच्या अधिकृत सामन्यांत तो धरत नसत. जर्सीसुद्धा खेळ संपला की पोत्यात टाकून परत द्यायची, कारण पुढच्या वेळी तीच धुऊन दुसऱ्या कुणाला घालायची असायची. खांबाने घरच्या संघातून इतके सामने काढले होते की महासंघाच्या शिपायालाही तो नावाने ठाऊक होता, पण देशाचे खेळाडू म्हणून जे मोजले जातात त्यांत त्याचं नाव औषधालाही नव्हतं.

डेपोत देशाच्या सामन्याला खास रजा मिळायची. साहेबांनी मात्र खांबाला पहिल्याच वर्षी सरळ सांगून टाकलं होतं, की मोजणीत नाही तो सामना नव्हे, सहल आहे, तेव्हा हक्काची रजा टाक आणि जा. तो टाकायचा. त्याची बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात दिवसभर उभी राहून चादरींना इस्त्री करायची. तिच्या रजा शिल्लक पडून राहायच्या, कारण ती मोकळी असली की हा कुठल्यातरी परक्या मैदानावर असायचा. एकत्र चार दिवस कुठे जाणं त्यांना कधी जमलंच नाही. तिने भांडून पाहिलं, मग हात टेकले. मात्र सामना बघायला ती कधी गेली नाही. दिवसभर माझे पाय झिजतात ते मोजणीत आहेत, तुमच्या मोजणीत नसलेल्या खेळासाठी आणखी कशाला झिजवू, असं म्हणायची. चिडून नव्हे हं, हसून म्हणायची, आणि ते जास्त लागायचं.

पुढे खांबाचा गुडघा कुरकुरायला लागला. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. हे शेवटचं वर्ष, असं त्याने बायकोला सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली. असली वचनं तिने बरीच ऐकली होती.

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं. शेजारी देशाचा पूर्ण ताकदीचा संघ यायचा होता, तिकिटं विकली गेली होती, आणि बाहेरच्या क्लबांनी एकजात नकार दिला. महासंघाची अब्रू जायची वेळ. शेवटी ठरलं, की घरच्या संघालाच या वेळी देशाचा संघ म्हणून उतरवायचं. सामना मोजणीतला! मास्तरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, सरावानंतर हे सांगितलं तेव्हा एकानेही आरडाओरडा केला नाही. अट एकच, मास्तर म्हणाले. बदली खेळाडू सहाच्या वर घ्यायचे नाहीत. जास्त घेतले तर मैदानात कुणी अडवणार नाही, खेळ चालू राहील, पण सामना मोजणीतून जाईल. बाकी मैदानात पाऊल टाकलं की गडी देशाचा खेळाडू म्हणून मोजला गेला, मग तो दोन मिनिटं खेळो नाहीतर सगळा वेळ.

खांबाने घरी येऊन सांगितलं. बायकोने धोबीखान्यातली पाळी बदलून घेतली, आणि सामन्याच्या दिवशी येऊन तिसऱ्या रांगेत बसली.

राष्ट्रगीत सुरू झालं, तसा खांब ताठ उभा राहिला. इतक्या वेळा ऐकलेलं गाणं, पण आज ते आपल्यासाठी वाजतंय असं त्याला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. या वयात माणसाने इतकं हरखून जावं?

खेळ यथातथाच झाला. पाहुणे सरस होते, हे जिवावर उदार होऊन अडवत होते. सुरुवातीलाच उजव्या बाजूच्या गड्याचा घोटा मुरगळला, त्याच्या जागी बेकरीत काम करणारा आत आला. मध्यंतरानंतर मास्तरांनी एकेक करून पाच जण बदलले. शून्य-शून्य चाललं होतं, आणि खांबाचा गुडघा आता उघड उघड शिव्या देत होता.

आता घरच्या संघाच्या दोन खोडी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिली, दुखापतीची बदली ते बदलीत धरत नसत. त्यांच्या सामन्यांत दोन्हीकडून हे ठरलेलंच असायचं, आणि इतकी वर्षं तसंच चालल्यामुळे दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. दुसरी खोड त्यांच्या अभिमानाची. बाकावरच्या कुणीही कोरी जर्सी पोत्यात टाकायची नाही. शेवटच्या काही मिनिटांत सगळ्यांत वयस्क माणूस आपणहून बाहेर येई आणि उरलेल्याला आत पाठवी. आज तो वयस्क माणूस खांब होता, आणि बाकावर उरला होता वायरमन.

वायरमन दिवसा लोकांच्या घरी तारा जोडायचा. घरच्या संघात त्याला नेहमी बाकावरच जास्त बसावं लागलं होतं, आणि त्यानेही आता तिशी ओलांडली होती. त्याची म्हातारी आई आज दोन गाड्या बदलून आली होती आणि पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. खांबाने बाकाकडे पाहून हात वर केला. मास्तर कडेला आले आणि म्हणाले, आज तू राहा, आजचा दिवस तुझा आहे. खांबाने नकारार्थी मान हलवली. बोटांवर मोजून मास्तरांना सांगितलं, की पाच झालेत, अजून एक बसतोय. मास्तरांनीही मोजलं. तेही पाचच भरले. पंचांनी खुणावलं, खांब लंगडत बाहेर आला, वायरमन आत गेला, आणि म्हातारी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

सामना बरोबरीत सुटला. कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी गाणं म्हणत होतं, तेवढ्यात सामन्याचे निरीक्षक आत आले आणि मास्तरांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सात बदल्या झाल्या तुमच्या."

"सहाच," मास्तर म्हणाले. "पहिली दुखापतीची होती ना."

"मग? ती बदली नव्हती का?"

निरीक्षक माणूस वाईट नव्हता. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण मोजणी ती मोजणी. तो गेल्यावर मास्तर बाकावर बसले. गाणं थांबलं. सतराअठरा माणसांच्या आयुष्यातली एकुलती एक गोष्ट हातातोंडाशी येऊन गेली होती, आणि गंमत अशी, की शिव्या घालायला समोर कुणी परका नव्हता. बेकरीवाल्याने जर्सी काढून मुकाट पोत्यात टाकली. त्याच्यामागून सगळ्यांनी टाकल्या.

वायरमन खांबाशेजारी येऊन बसला. आपण नको म्हणायला हवं होतं, असं पुटपुटला. खांबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, गप रे, आई खूश झाली ना तुझी? म्हणाला खरा, पण आतून त्याचा जळफळाट चालला होता. वायरमनवर नाही, मास्तरांवरही नाही. त्याला स्वतःचाच राग येत होता, चांगुलपणाचा, त्या वर केलेल्या हाताचा. कुणी मागितलं होतं?

बायको फाटकाशी उभी होती. दोघं बसथांब्याकडे चालायला लागले. तिने त्याचा तोल जातोय हे बघून दंड धरला. त्याने चालता चालता सगळं सांगितलं, काही न लपवता. सामना गेला, आणि शेवटची बदली मीच मागितली, हेही.

ती थांबली.

"मास्तर राहा म्हणत होते, तरी?"

"त्याची आई आली होती गं. इतकी वर्षं पोरगा बाकावर बसलेला. एकदा तरी तिला तो मैदानात दिसायला नको?"

ती पुन्हा चालायला लागली. थांबा जवळ आला तेव्हा म्हणाली, "मीही आलेच होते की. मला कोण दिसायला हवं होतं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती दमली होती. खांबाने पुढच्या वेळी शेवटपर्यंत खेळेन असं म्हणायला तोंड उघडलं, आणि पुढची वेळ नाही हे लक्षात येऊन मिटलं. तिने दंड सोडला नव्हता. लांबून बस येताना दिसली, तसं तिने त्याला एक पाऊल मागे ओढलं.