सारिकाचा लघुग्रह आधीच सापडला होता

मित्रांनो, लाज वाटतेय, तरी आजचं लिहितोच.

मी केज तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवतो. दुर्बिणीतून काढलेले आकाशाचे फोटो तपासताना आमच्या दहावीतल्या सारिकाला मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात सरकणारा एक ठिपका दिसला. नवा लघुग्रह म्हणून गावात बॅनर लागले. आज अकराला तिचा सत्कार होता.

साडेदहाला, ज्यांच्याकडे आम्ही नोंद पाठवली होती त्या संस्थेचा मेल आला. हा लघुग्रह आधीच नोंदलेला आहे!

पुढारी स्टेजवर येऊन बसलेले. मेंढरं भावाकडं सोपवून सारिकाचे वडील पहिल्या रांगेत. तिला बाजूला घेऊन मेल दाखवला आणि म्हणालो, "कार्यक्रम होऊ दे. उद्या सांगू सगळ्यांना."

नाव पुकारल्यावर मात्र शाल न घेता तिने सरळ माईक धरला.

"ह्यो लघुग्रह मी शोधलेला न्हाई. चार-पाच वर्षांत सूर्याभवती एक फेरी मारतोय, आन् लोकांना आधीच ठावं हाय. मला आता दिसला, एवढंच खरं."

पुढाऱ्यांचा हात शालीसकट तसाच. मग तिचे वडील उठले.

"न्हाई तर न्हाई, बाई. दुसरा हुडक."

टाळ्या वाजल्या. माझे हात काही उचलेनात.

उद्या पहिला तास तिच्याच वर्गावर आहे. काय तोंडाने उभा राहू, सांगा.