खंडेनवमीला ओढलेली वायर

आमचे नाथाभाऊजी, माझे धाकटे दीर, मुळातच भित्रे. कोलशेतच्या खाडीकाठी कोळ्याच्या घरात जन्मले, पण होडीत बसले की दोन्ही हातांनी काठ घट्ट धरायचे. गावातली पोरं त्यांना काठधऱ्या म्हणायची. सासरे जाळं टाकायला हाक मारत, तर हे पुस्तक घेऊन माळ्यावर. पुढे कॉम्प्युटर शिकले, ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीत लागले. सासूबाई मनुबाई म्हणायच्या, देवीनं पोराला पाण्यापासून लांबचं काम दिलं, बरं झालं.

पण भीती काही सुटली नाही, तिनं फक्त जागा बदलली.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात भाऊजी जेवेनासे झाले. मी विचारत राहिले, तेव्हा एकदा ओट्याशी उभं राहून बोलले. त्यांच्या कंपनीनं कल्याणच्या एका रक्तपेढीला कॉम्प्युटर बसवून दिला होता. शुक्रवारी तिथं लाइट जातेच. तशी ती गेली आणि आली, तर एका बाळंतिणीच्या नावापुढे भलत्याच कुणाचा रक्तगट. नर्सनं आधीच्या कागदाशी ताडून पाहिलं म्हणून निभावलं.

मला काही उमजेना. मग त्यांनी फळीवरचा डबा उचलला. म्हणाले, "वैनी, समजा डब्यावर आधी 'साखर' अशी चिठ्ठी लावली, आणि साखर भरायच्या आतच कुणी हात धरला. डब्यात कालचं मीठ तसंच. उद्या तुम्ही चिठ्ठी वाचाल आणि चहात मीठ घालाल."

कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल म्हणून एक मूळ प्रोग्रॅम असतो. कुठली फाईल डिस्कवर कुठं ठेवायची, हे तोच पाहतो. तो चिठ्ठी आधी लावत होता आणि माल मागून भरत होता. भाऊजींच्या कंपनीचा कर्नल लिनक्सचा, म्हणजे कुणालाही उघडून दुरुस्त करता येणारा. आधी माल, मग चिठ्ठी, असा क्रम बदलायचं काम भाऊजींनी अंगावर घेतलं होतं. डब्यातलं मीठ चहात पडलं तर चहा ओतून देता येतो. रक्ताचं तसं नाही. त्या दिवसापासून जपाची माळ ओढताना मीही त्या बाळंतिणीच्या आठवणीनं मध्येच थांबायला लागले.

पेढीतल्या नोंदींची नक्कल त्यांनी घरी आणली होती. कॉम्प्युटरला त्या सतत लिहायला लावायचं आणि मध्येच रिसेटचं, म्हणजे यंत्र एकदम नव्यानं सुरू करायचं, बटण दाबायचं. पुन्हा सुरू झालं की प्रत्येक नाव तपासायचं. दर वेळी सगळं बरोबर येई. तरी त्यांचा चेहरा काही खुलत नसे. कंपनीच्या साहेबांनी ठरवून टाकलं, दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा कर्नल पेढीत बसवायचा.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं देवीपुढं मांडतात. कोयता, वल्हं, जाळं विणायची सुई, आमच्या ह्यांचे कारखान्यातले पाने, माझी विळी. एकदा पूजा झाली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही, हत्यार निजलेलं असतं. त्या वर्षी सासूबाईंनी कॉम्प्युटरलाही मान दिला. भाऊजी अंघोळीला गेलेले. पडदा काळा होता, म्हणून सासूबाईंना वाटलं यंत्र निजलंय. पण पाणी शिंपडायचं तर करंट नको, म्हणून त्यांनी भिंतीतली वायरच ओढून काढली. मग कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला.

पडदा नुसताच काळा झाला होता. आत लिहिणं चालू होतं.

भाऊजी टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, वायर पाहिली आणि जागीच बसले. म्हणाले, "आपण बटण दाबतो तेव्हा डिस्कला वीज मिळतच राहते, हातातलं काम ती पुरं करते. अशी वायर मी कधी ओढलीच नाही. डिस्क कंपनीची, बिघडेल म्हणून भ्यायलो."

कल्याणला कुणी बटण दाबत नाही. तिथं लाइट जाते, ती अशीच.

त्यांना यंत्र लगेच सुरू करून पाहायचं होतं. सासूबाई आडव्या आल्या. देवीपुढचं हत्यार आज उठवलं तर वर्षभर घराला भोगावं लागेल, त्यांच्या सासूनं एकदा विळी उठवली नि होडी गेली. ह्यांनीही मान खाली घातली.  नवमीचा नेम मीही आयुष्यात मोडला नव्हता. एकवीरेच्या तसबिरीकडे पाहत किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

मग सासूबाईंना म्हटलं, "आई, उद्या एखाद्या बाळंतिणीच्या अंगात परक्याचं रक्त गेलं, तर देवीला काय सांगायचं? आम्ही पूजेला बसलो होतो?"

 सासूबाईंनी पुढं होऊन स्वतःच हार उतरवला, देवीच्या पायाशी ठेवला, आणि म्हणाल्या, "उठव रं नाथा. माझ्या माथी येऊ दे."

यंत्र सुरू झालं. भाऊजी एकेक नाव ताडत गेले. मी मागं उभी राहून रामरक्षा म्हणत होते. मध्येच त्यांचं बोट थांबलं. नाव एका पुरुषाचं, आतला गट दुसऱ्याच कुणाचा.

त्यांनी समजावलं ते असं. कर्नलनं आता आधी माल पाठवला होता, क्रम बरोबर होता. पण डिस्क स्वतःच खोटं बोलत होती. माल हातात घेऊनच ती 'ठेवला' म्हणून कळवायची, आणि ठेवायची आपल्या सोयीनं. वायर ओढली तशी हातातला माल सांडला.

दसऱ्याच्या सकाळी भाऊजी साहेबांकडे गेले आणि कर्नल बसवणार नाही म्हणाले. साहेब म्हणाले, मुहूर्त टळला तर तुझी जागाही टळेल. तरी भाऊजींनी शब्द फिरवला नाही. डिस्क खरोखर लिहून होईपर्यंत थांबायचं, त्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही, असा बदल त्यांनी केला. मग ते स्वतः वायर ओढायला लागले, दर वेळी डोळे मिटून. काम पुरं होऊन कर्नल पेढीत बसला तो दिवाळीनंतर, नेमका कार्तिकातल्या अवसेच्या दिवशी. सासूबाईंनी नारळ दिला, तिथीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या शुक्रवारी भाऊजी पेढीत जाऊन थांबले आणि ठरल्याप्रमाणे कल्याणची लाइट गेली. मी देवापुढं दिवा लावून बसले. स्वयंपाक सुचेना. दुपार कलल्यावर शेजारच्या गोदानं खिडकीतून फोन आल्याची हाक मारली. मी तिच्या घरी धावले.

"वैनी," भाऊजी म्हणाले, "सगळी नावं आपापल्या घरी आहेत."

मी हुश्श केलं. 

"आजच्यापुरती," ते म्हणाले. "दिवा विझवू नका. अजून लाइट आलेली नाही, सोबत आणलेल्या बॅटरीवर यंत्र सुरू करून पाहिलंय. आली की पुन्हा ताडतो."