काठावरचा वाटा

आईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. तिला कुरखेड्याजवळच्या आमच्या गावाहून नागपूरला न्यायचं म्हणून मी चंद्रपूरहून एस.टी.त बसले. वैशाखाचं ऊन. आरमोरीच्या अलीकडे गाडीचं टायर बसलं. पळसाखाली एक बाई चारं (चारोळीची जांभळी फळं) विकत होती.

"काऊन रडून राह्यली बाई?"

ऊन लागतंय डोळ्यांना, म्हणाले. खरं तर मी पार भेदरले होते. तिने द्रोण हातात दिला. "खाय. रडाले बी ताकद लागते."

गावी पोचले तर घराला कुलूप होतं; सगळं गाव बोडीवर (छोट्या तलावावर). पाणी आटलं की आमच्याकडे एक दिवस सगळे मिळून मासे धरतात. जो पाण्यात उतरेल त्याला वाटा. फक्त ज्या घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असेल, त्या घराचा वाटा आधीच काठावर काढून ठेवतात. आईच्या पुढ्यात पानावर मासे फडफडताना दिसले.

ठेवले होते सुकाभाऊंनी, गावातल्या जाणत्या, भल्या माणसाने. "नागपूरले काऊन नेतं बाई? हे बिमारी सुटत नाई. इथीच सुखानं राहू दे."

आईने मासे उचलले आणि सरळ पाण्यात फेकले.

"सुकाभाऊ, मी मेली का?"

लुगडं खोचून, जाळं घेऊन ती चिखलात उतरली. "आई, नको" म्हणत मीही मागोमाग, चपलांसकट, आणि धपकन आपटले. बायका खदखदल्या. आईच्या जाळ्यात हातभर मरळ तडफडत होती.

"आता द्या वाटा."

सुकाभाऊंनी दिला. चिंचेच्या रश्शाबरोबर आईने दोनदा भात घेतला, मी तीनदा.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या गाडीत शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुठी चालल्या?"

"नातेवाइकांकडे," मी घाईने म्हणाले.

"मले कॅन्सर झाला," आई अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी बोलली. "काढाले चाललो."

म्हातारा म्हणाला, "वापस कवा?"

"धान कापाले."

भीती माझी गेली नव्हती. आई खिडकीबाहेर बघत, यंदा कोणत्या बांधीत (धानाच्या शेतात) पऱ्हे (रोपांसाठी बी) टाकायचे ते मला बजावत होती, आणि चुकीची बांधी सांगत होती. गाठीचं कळल्यापासून मी तिच्या प्रत्येक शब्दाला हो म्हणत होते, जपून, हळू, निरोपाचं बोलतात तसं. त्या गाडीत मी तिच्याशी कडाकडा भांडले.