काकूंचा मामा

सौंदडला आमच्या गल्लीत चक्की चालवणाऱ्या काकूंना नव्या पिक्चरचा ट्रेलर दाखवा, त्या अख्खी गोष्ट सांगतात. चक्कीच्या घरघरीत मोबाईलचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्या नुसती तोंडं बघतात. मग पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून विचारतात, "मामा कुठी आहे?"

ट्रेलरमध्ये मामा नसतोच.

"लपवून राहिले, म्हंजे त्यानंच केलं असन!"

परवा त्यांची फजिती बघायलाच आम्ही गल्लीतल्या बायका त्यांना घेऊन गोंदियाला गेलो. पिक्चरमध्ये हिरोइनच्या बापाचा खून होतो. खुनी निघाला हिरोचा मित्र. मामाचा पत्ताच नाही. आम्ही खिदळत काकूंकडे वळलो.

त्यांनी शांतपणे पदर सावरला. "मी नाही चुकली. पिक्चरवाले चुकले."

परतीच्या गाडीत त्यांनी तीच गोष्ट मामा घालून सांगितली. बाप गेल्यावर भाचीला लहानाची मोठी करणारा मामा. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. काकूंचा मामा लग्नमंडपात भाचीच्या पाया पडला, आणि उठेचना. भाचीला तिथेच सगळं कळलं.

आमचं खिदळणं कधीच थांबलं होतं. समोरच्या बाकावरची अनोळखी बाई डोळे पुसत म्हणाली, "ये पिक्चर कौनसी टाकीज में लगी है, बाई?"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मीच मान ताठ करून म्हटलं, "सौंदडले. आमच्या चक्कीवर."